तुकतुकी : चेहऱ्यावरच्या पुस्तिकेच्या नोंदी, चेंगडू (सिचुआन, चीन)

9 सप्टेंबर 2024, सोमवार

काम : चिनी वैद्यक चेहऱ्याच्या त्वचेबद्दल काय सांगतं, यावर मराठी पुस्तिका. पानं 40, वर एकही नाही. वाचणाऱ्या : साताऱ्यात माझ्याकडे सुयांच्या उपचाराला येणाऱ्या बायका आणि त्यांना घेऊन येणाऱ्या मुली. मुदत : मी इथे आहे तोवर, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. चित्रं आणि मांडणी धाकटी करणार, घरून.

हे काम का घेतलं ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. मे महिन्यात बारावीची एक मुलगी आली होती. हनुवटीवर मुरूम, आणि मोबाइलमध्ये चेहऱ्याचा रंगीत नकाशा. त्यात हनुवटीवर लिहिलं होतं ‘किडनी’. पोरीने वडिलांना न सांगता, साठवलेल्या पैशांतून रक्त-लघवीच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. सगळं व्यवस्थित होतं. तरी तिचा हात थरथरत होता. त्या नकाशाखाली ‘पाच हजार वर्षांचं चिनी शास्त्र’ असं छापलं होतं. मी ज्या विद्येवर पोट भरते तिच्या नावाने एक लेकरू घाबरलं, हे मला सहन झालं नाही.

नियम एकच. मूळ ग्रंथात मी स्वतः वाचलेलं किंवा इथल्या ओपीडीत डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच पुस्तिकेत जाईल.

12 सप्टेंबर, गुरुवार

ओपीडीचा पहिला दिवस. आमच्या बाईंना सगळे लाओशी, म्हणजे गुरू, म्हणतात, मीही तेच म्हणते. वय सत्तरीच्या पुढे. टेबल खिडकीला चिकटून, आणि पेशंटची खुर्ची अशी ठेवलेली की उजेड सरळ चेहऱ्यावर पडावा. पेशंट बसला की त्या आधी डोक्यावरची ट्यूब बंद करतात. कुणी पावडर-लिपस्टिक लावून आली तर तिला ओला रुमाल देतात आणि पाच मिनिटं थांबायला सांगतात, कारण पुसल्यावर चेहरा लाल झालेला असतो, तो निवायला हवा.

तपासणीच्या चार रीती : पाहणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं, नाडी. पहिलीचं चिनी नाव ‘वांग’. आपल्याकडे वांग म्हणजे गालावरचा काळा डाग. दोन्ही शब्द एकाच पुस्तिकेत येणार, तेव्हा पहिल्यासाठी ‘पाहणं’ एवढंच लिहायचं.

आज लागोपाठ दोन मुली आल्या, दोघींना मुरूम. पहिलीचं कपाळ आणि नाक तेलकट, जीभ लाल, तिच्यावर पिवळसर थर, कोठा जड, तिखट रोजचं. लाओशींनी लोकाटाच्या पानांचा काढा दिला. 1742 साली छ्येनलुंग बादशहाच्या आज्ञेने जो मोठा वैद्यकग्रंथ तयार झाला, त्यात हा काढा ‘फुप्फुसाच्या वाऱ्याने होणाऱ्या मुरुमां’साठी दिला आहे. दुसरीचे मुरूम हनुवटीवर, आणि नाडीसाठी हात पुढे केला तेव्हा बोटं बर्फ. पाळी दरवेळी आठ-दहा दिवस उशिरा, पोट दुखतं, रोज बर्फ घातलेला दुधाचा चहा, झोपायला रात्रीचे दोन. लाओशी मला म्हणाल्या, “वर उष्ण, खाली थंड. हिला नुसतं थंड औषध दिलं तर चेहरा चार दिवस बरा दिसेल आणि पोट आणखी दुखेल.” तिचा काढा पूर्ण वेगळा.

दोघींना विचारलेले प्रश्न मोजले. पहिलीला 19, दुसरीला 26. चेहरा बघायला लाओशींना अर्धं मिनिटही लागलं नाही. पुस्तिकेत ‘पाहणं’ला दोन पानं आणि ‘विचारणं’ला सहा.

17 सप्टेंबर, मंगळवार

इथल्या मध्य-शरद सणाची सुट्टी. शेजारणीने मूनकेक आणून दिला. दिवसभर ‘लिंगशू’ घेऊन बसले. चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथाचा, पीत सम्राटाच्या नावावरच्या, हा एक भाग; दुसरा ‘सूवेन’.

चौथ्या अध्यायात सम्राट विचारतो : थंडीने जमीन भेगाळते, पाणी गोठतं, हातपाय बधिर होतात, मग चेहऱ्याला कपडा का लागत नाही? त्याचा वैद्य छीपो उत्तर देतो, बारा मुख्य वाहिन्या आणि तीनशे पासष्ट उपवाहिन्या, त्या सगळ्यांतलं रक्त आणि छी (अंगातली शक्ती) वर चेहऱ्याकडे चढतं आणि डोळे, कान, नाक, तोंड यांत जातं. तिथली वाफ आणि रस चेहऱ्याला आतून शेकत असतात.

दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रश्न, पण थंडीत शेतावर पाणी धरायला गेलेल्या कुठल्याही माणसाला पडेल असा. पुस्तिकेची सुरुवात इथूनच करायची. सगळ्या शरीराचं पाणी जिथे चढतं ती जागा म्हणजे चेहरा, हे एकदा कळलं की पुढे हातापायांचा गारठा, पाळी, झोप हे सगळं का विचारतात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

24 सप्टेंबर, मंगळवार

नकाशा सापडला. म्हणजे त्याचं मूळ. ‘सूवेन’चा बत्तिसावा अध्याय, तापाच्या रोगांवर सुया कशा टोचाव्यात याबद्दलचा. यकृताच्या तापात आधी डावा गाल लाल होतो, हृदयाच्या तापात कपाळ, प्लीहेच्या तापात नाक, फुप्फुसाच्या तापात उजवा गाल, मूत्रपिंडाच्या तापात हनुवटी. ताप अजून चढलेला नाही पण लाली दिसली, तर तेव्हाच सुई टोचावी. यालाच ‘न झालेल्या रोगाचा उपचार’ म्हणतात. बस, एवढंच. मुरुमाचा शब्दही नाही!

मुरुमाचा शब्द वेगळ्या जागी आहे, तिसऱ्या अध्यायात. घाम आलेला असताना ओल लागली तर पुरळ आणि मुरूम उठतात. कष्टाचा घाम वाऱ्यावर वाळवला तर थंडी आत दबते, बारीक पुटकुळ्या येतात आणि कोंडल्या की मुरूम होतात. तिथे वापरलेलं ‘त्स्वो’ हे अक्षर आजही इथल्या त्वचारोग विभागाच्या पाटीवर मुरुमाच्या नावात आहे. म्हणजे ग्रंथकाराने मुरुमाचं कारण सांगताना घाम, वारा आणि ओल सांगितली. शेतात राबणाऱ्या, मोटारसायकलवर हिंडणाऱ्या माणसाच्या गोष्टी.

दोन निर्णय घेतले. नकाशा पुस्तिकेत घालायचा, पण तापाचा म्हणूनच, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत : हनुवटीवर मुरूम आला म्हणून मूत्रपिंड बिघडलं असा अर्थ काढू नये. दुसरा निर्णय नावांचा. चिनी वैद्यकातलं ‘शेन’ म्हणजे लघवी गाळणारा अवयव एवढंच नव्हे. वाढ, हाडं, दात, केस, मूल होणं, म्हातारपण हे सगळं त्याच्या खात्यात येतं. मी ‘मूत्रपिंड’ लिहिलं की वाचणारी सोनोग्राफीला धावणार. म्हणून पाचही नावं चिनीच ठेवते : गान (यकृत), शिन (हृदय), पी (प्लीहा), फेइ (फुप्फुस), शेन (मूत्रपिंड). यकृताचा उच्चार खरं तर ‘कान’च्या जवळ जातो, पण ‘कानाचा राग चेहऱ्यावर’ असं छापून चालणार नाही, म्हणून गान.

3 ऑक्टोबर, गुरुवार

आज घरी घट बसले. आईने व्हिडिओवर दाखवले. ‘चेहरा उतरलाय गं तुझा’ म्हणाली. मी इथे ज्या शब्दासाठी तीन दिवस डोकं फोडतेय तो तिने सहज दिला.

शब्द आहे ‘छीसं’. छी म्हणजे ती शक्ती, सं म्हणजे रंग. माणसाची छीसं चांगली आहे असं इथे रोज म्हणतात. भाजीवालीही म्हणते. मी ‘वर्ण’ लिहिलं, खोडलं. वर्ण म्हटलं की आपल्याकडे गोरी-काळी सुरू होतं. ‘कांती’ जाहिरातवाल्यांनी घासून गुळगुळीत केली. चेहरा उतरणं, चेहऱ्यावर रया नसणं, तोंडावर कळा असणं, ही मराठी नेमकी तेच सांगते. ‘रया’ ठेवते.

आणि मग ‘सूवेन’चा सतरावा अध्याय. हा मी आधी दोनदा वाचला होता, पण आज थांबून वाचला. चेहऱ्याचे पाच रंग हा छीचा बहर आहे, असं म्हणून तो प्रत्येक रंगाच्या दोन बाजू सांगतो. लाल असावा तो पांढऱ्या रेशमात गुंडाळलेल्या हिंगुळासारखा, गेरूसारखा नसावा. पांढरा हंसाच्या पिसासारखा, मिठासारखा नको. हिरवा-निळा ओलसर चमकणाऱ्या जेडसारखा, निळीसारखा नको. पिवळा तलम रेशमातून दिसणाऱ्या मनशिळेसारखा, पिवळ्या मातीसारखा नको. काळा थरावर थर दिलेल्या लाखेसारखा, करड्या जमिनीसारखा नको.

पाचही रंग! पाचांतला कुठलाही वाईट नाही. वाईट तो, जो कोरडा, उघडा, मेलेला आहे. मीठ पांढरंच असतं, तरी तसा चेहरा नको.

माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ बायका सावळ्या. प्रत्येकीने कधी ना कधी विचारलंय, ‘उजळेल का?’ त्यांना द्यायला इतकं स्पष्ट उत्तर इतक्या जुन्या ग्रंथात मिळेल असं वाटलं नव्हतं. आणि थरावरच्या लाखेसारख्या काळ्याला आपल्याकडे शब्द आहे : तुकतुकीत. माझी आजी काळी तुकतुकीत होती. नव्वदीतही गालावर हात फिरवावासा वाटायचा. पुस्तिकेचं नाव ठरलं, ‘तुकतुकी’.

धाकटीला रात्रीच कळवलं. मुखपृष्ठावर गोरी बाई चालणार नाही.

11 ऑक्टोबर, शुक्रवार

औषधाचं दुकान. भिंतभर लाकडी कप्पे, तीन-तीन औषधांची नावं एकेका कप्प्यावर, आणि तोलायला छोटा काटा. आज ‘सात पांढऱ्यां’ची माहिती जमवली. युआन काळातल्या दरबारी औषधांच्या संग्रहात ‘सात पांढऱ्यांचा लेप’ आहे. नावात ‘पाय’ म्हणजे पांढरा हे अक्षर असणारी औषधं, म्हणून ते नाव. धाकटीला चित्रं काढता यावीत म्हणून ओळख आपल्या भाषेत लिहून घेतली :

पायचर : कोथिंबीर-गाजराच्या कुळातलं मूळ, वास तिखट-गोड. पायल्येन : द्राक्षाच्या कुळातल्या वेलीचं मूळ. पायचू : सूर्यफुलाच्या कुळातला गड्डा. पायफूलिंग : पाइनच्या मुळांवर जमिनीखाली वाढणारी बुरशी, कापली की खडूसारखी. पायची : ऑर्किडचा कंद, पाण्यात टाकला की बुळबुळीत. पायफूत्स : अळूच्या कुळातला कंद, आणि कच्चं अळू घशाला जसं खाजवतं तसाच हाही कच्चा असताना त्रास देतो, विषारी आहे. सातवं शीशिन, रानटी आल्यासारखं मूळ, नावात पांढरं नाही पण लेपात आहे.

शीशिन आणि पायफूत्स पुस्तिकेत कृतीसकट द्यायची नाहीत. शीशिनमध्ये अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, ते मूत्रपिंडाला खरोखर इजा करतं. चीनच्या औषधसंहितेने 2005पासून त्याचा फक्त मुळाचा भाग ठेवला, पाला काढून टाकला.

करण्याची रीत मात्र वाचून हरखले. चूर्ण अंड्याच्या पांढऱ्यात मळायचं, करंगळीएवढ्या कांड्या वळायच्या, सावलीत वाळवायच्या. मग आंबवलेल्या धान्याचं कोमट पाणी चिनीमातीच्या भांड्यात घेऊन त्यात कांडी उगाळायची आणि ते पाणी चेहऱ्याला लावायचं. हे कुणालाही समजावून सांगायला नको. सहाण आणि बाळगुटी ज्या घरात आहे तिथे एका ओळीत काम होईल.

दुकानात कांड्या नाहीत. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पाच पांढऱ्यांची तयार पूड मागवली, शीशिन आणि पायफूत्स वगळून. स्वतःवर लावून बघितल्याशिवाय लिहिणार नाही.

20 ऑक्टोबर, रविवार

ऊन पडलं! इथे ऊन इतकं दुर्मीळ की सिचुआनची कुत्री सूर्याला भुंकतात अशी जुनी म्हण आहे. अख्खं शहर बाहेर. सकाळी पूड कालवून चेहऱ्याला लावली, वीस मिनिटांनी धुतली, आणि पीपल्स पार्कमध्ये 1923पासून चालू असलेल्या चहाच्या बागेत दोन-अडीच तास बसले. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे कप, गरम पाण्याच्या थर्मास. शेजारच्या आजोबांनी विचारलं, कुठल्या? भारत म्हटल्यावर लगेच ‘क तीह्वा’ म्हणाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, त्यांचं हे चिनी नाव. साताऱ्याहून सोलापूर किती लांब, हे त्यांनी मला विचारलं आणि अंतर ऐकून खूश झाले, जणू मी त्यांच्या घरचीच निघाले.

त्वचा मऊ लागतेय. पायचीचा बुळबुळीतपणा असावा.

23 ऑक्टोबर, बुधवार

उजव्या जबड्यावर आणि गालावर लाल चट्टे, आग. सोमवारी रात्री सुरुवात, काल फोडासारखं, आज कडा काळवंडल्यात. रविवारी उजवी बाजू उन्हाकडे होती.

लाओशींनी चेहरा हातात धरून खिडकीकडे वळवला. विचारलं, लेप कधी लावला? सकाळी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. कपाटातून संग्रह काढला, पान उघडलं आणि एका शब्दाखाली नख ठेवलं. ‘दर रात्री’. ‘दर रात्री चेहरा स्वच्छ धुऊन…’ अशीच सुरुवात आहे कृतीची. मी 11 तारखेला हेच पान वाचलं होतं. कांड्या, उगाळणं, आंबवलेलं पाणी सगळं टिपून घेतलं आणि वेळ तेवढी सुटली. पुडीवर तर काहीच सूचना नव्हती.

कारण आजच्या रसायनशास्त्राला माहीत आहे. पायचरमध्ये फ्युरोकुमारिन गटातली द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते आणि डाग राहतो. आपली बावची हेच करते. कोडावर बावची लावून उन्हात बसवतात ते याच गुणामुळे, आणि तीच बावची इथे ‘पूकूचर’ नावाने शेजारच्या कप्प्यात आहे. दोन देशांनी एकच झाड आणि एकच स्वभाव ओळखून ठेवला होता. मला दोन्ही ठाऊक होतं, पण पायचरच्या शेजारी बावची मी मांडली नव्हती.

पुस्तिकेत लेपाच्या पानावर ‘रात्री’ हा शब्द सगळ्यांत मोठा. साताऱ्याचं ऊन चेंगडूचं नाही. तिथे सकाळी लावून एखादी भांगलायला गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने आज जेवण गेलं नाही.

संध्याकाळी आणखी विचार केला. लेपाची कृतीच काढून टाकायची. माहिती राहील, माप राहणार नाही.

31 ऑक्टोबर, गुरुवार

नरक चतुर्दशी. पहाटे उठले, आईने दिलेलं उटणं होतं : आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, मसुराचं पीठ. चेहऱ्याला लावलं नाही, चट्टा अजून कोवळा आहे. अंगाला लावलं. न्हाणीघरात तो वास पसरला आणि डोळे भरून आले.

दिवसभर थांग काळातले वैद्य सुन सिमियाओ वाचले. त्यांच्या ग्रंथांत ‘आंघोळीच्या डाळी’ म्हणून प्रकार येतो : वाटाण्या-सोयाबीनसारख्या कडधान्यांचं पीठ, त्यात सुगंधी मुळं, लवंग, चंदन, जटामांसी. ओल्या हातावर घेऊन तोंड-अंग चोळायचं. उटणंच.

पण आज टिपून ठेवायची ती त्यांची तक्रार. ‘छ्येनचिन यीफांग’मध्ये या प्रसाधनांच्या भागाच्या सुरुवातीला ते लिहितात की चेहऱ्याचं मलम, हाताचं मलम, आंघोळीच्या डाळी दरबारी-उमराव सगळ्यांनाच हव्या असतात, पण आजकालचे वैद्य ही कृती इतकी लपवतात की शिष्याला एक अक्षर कळू देत नाहीत, बाप मुलालाही दाखवत नाही. थोरांनी शास्त्र घालून दिलं ते घराघराला कळावं, माणसामाणसाला उमजावं म्हणून. सातव्या शतकातला माणूस हे लिहितो! आणि मी परवा रागाच्या भरात लेपाचं माप काढून टाकलं.

बराच वेळ बसून राहिले. माप परत घालते. उटण्यासारख्या साध्या गोष्टींचं, पायचर नसलेल्या, ज्यांत रात्र-दिवस चुकला तरी चेहरा जळणार नाही. सात पांढऱ्यांची गोष्ट पूर्ण सांगते, माझ्या चट्ट्यासकट, पण माप देत नाही. त्याच ग्रंथांमध्ये शिसं आणि पारा घातलेल्या कृतीही आहेत. आजही गोरं करणाऱ्या किती तरी बेनामी क्रीममध्ये पारा निघतो आणि त्याने मूत्रपिंडं बिघडतात. घराघराला कळावं यात हेही आलं.

8 नोव्हेंबर, शुक्रवार

हातांचं प्रकरण. काल इथल्या पंचांगाप्रमाणे हिवाळा लागला.

घासपट्टी म्हणजे ‘ग्वाशा’ शिकले. मूळ उपचार पाठीचा-मानेचा, शिंगाच्या तुकड्याने किंवा चमच्याने तेल लावून घासतात, लाल-जांभळे ठिपके उठेपर्यंत. चेहऱ्यावर तसं करायचं नाही. चेहऱ्यावरची रीत नवी आणि अगदी हलकी, ठिपका उठला तर चुकलं. लाओशी पट्टी त्वचेला जवळजवळ आडवी ठेवतात, आणि दुसऱ्या हाताचं बोट कानापाशी त्वचा धरून ठेवतं. मुरूम पिकलेला असेल तिथे पट्टी न्यायचीच नाही.

पण माझ्या बायकांसाठी त्याहून चांगलं सुन सिमियाओंकडेच आहे, पट्टीही लागत नाही. सकाळी तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे आणि चेहऱ्यावरून वरून खाली चौदा वेळा फिरवायचे. चेहऱ्यावरचं सावट जातं, तेज येतं, असं ते म्हणतात. मी आठवडाभर करतेय. तेजाचं कुणी दुसऱ्याने सांगावं, पण गरम तळहात डोळ्यांवरून जातात तेव्हा कपाळ सैल होतं, ते मी सांगू शकते.

बिंदू तीनच देते. हेगू, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात; जुन्या सूत्रात ‘चेहरा आणि तोंड हेगूकडे’ असं आहे. गरोदर बाईने हा दाबू नये. सिबाय, डोळ्याखालच्या हाडाच्या खळीत. आणि त्सूसान्ली, गुडघ्याच्या वाटीखाली तीन ‘त्सुन’. त्सुन म्हणजे पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी, आणि चार बोटं जुळवली की तीन त्सुन. इथे शिकवायला काहीच नाही. आपलं अंगुळ. ज्याचं शरीर त्याचंच माप.

चेहऱ्यासाठी पाय का दाबायचा, हे सगळ्यांना विचित्र वाटतं. ‘सूवेन’च्या पहिल्याच अध्यायात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांत मोजलंय. पस्तिसाव्या वर्षी यांगमिंग वाहिनी (जठराची) क्षीण होऊ लागते, चेहरा सुकायला लागतो, केस गळायला लागतात. बेचाळिसाव्या वर्षी चेहरा पुरता सुकतो, केस पिकू लागतात. यांगमिंग वाहिनी चेहऱ्यावरून जाते आणि तिचाच हा बिंदू पायावर. मी या वर्षी बेचाळीस झाले. वाचताना आरशाकडे बघितलं नाही असं नाही. पण तिथे सुकण्याचं कारण वय म्हणून सोडून दिलेलं नाही, जठराशी, खाण्या-पचण्याशी जोडलं आहे, आणि खाणं-पचणं आपल्या हातात आहे.

सुयांचं पान छोटं ठेवलं. आपल्याकडे 2015च्या कायद्याने अ‍ॅक्युपंक्चरची नोंदणी आहे, नोंदणी असलेल्याकडेच जा. सुयांनी सुरकुत्या जातात असं मी लिहिणार नाही.

15 नोव्हेंबर, शुक्रवार

वांगाचं प्रकरण. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आजार.

आज आलेली बाई पंचेचाळीसची असेल. दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा डाग. लाओशी नाडी धरून गप्प बसल्या, मग हळूच म्हणाल्या, “घरात कोण आजारी आहे?” बाई रडायलाच लागली. सासू अंथरुणाला खिळून चार वर्षं. चिनीत या डागांचं एक नाव ‘गानचे डाग’ असंच आहे. राग, घुसमट, न बोललेलं आत साठतं, गानची छी अडते, रक्त चेहऱ्यापर्यंत मोकळं पोहोचत नाही, अशी मांडणी.

आणि सुश्रुत! निदानस्थानात व्यंगाचं कारण क्रोध आणि आयास. त्याने वायू खवळतो, पित्ताबरोबर चेहऱ्यावर येतो आणि डाग उठवतो. आपला ‘वांग’ हा शब्द त्या ‘व्यंगा’चाच. हिमालयाच्या दोन्ही अंगांना वैद्यांनी बाईच्या गालावरचा डाग पाहिला आणि दोघांनीही तिच्या घरातल्या कष्टाकडे आणि गिळलेल्या रागाकडे बोट केलं. दोन्ही उतारे समोरासमोरच्या पानांवर येतील, मध्ये काही मजकूर नको.

त्याखाली मात्र आजचं ज्ञानही : ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या. टोपी, पदर, सनस्क्रीन. डाग पूर्ण जाईलच असं वचन लाओशीही देत नाहीत. आज त्या बाईला त्यांनी सांगितलं, “काढा तीन महिने घे. आणि आठवड्यातून एक दुपार सासूजवळ नणंदेला बसव.” हे वाक्य औषधाच्या कागदावर त्यांनी औषधांच्या खालीच लिहिलं.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

स्वयंपाकघर, चार पानं. लांबवत नाही. पांढरी बुरशी, इथे म्हणतात चांदीचा कान. सिचुआनातल्या थोंगच्यांगची नावाजलेली. भिजवली की फुलून कोबीच्या फुलाएवढी होते. खालचा पिवळा देठ खुडून टाकायचा, नाहीतर वास येतो. हाताने तुकडे, दोन तास मंद आच, खडीसाखर आणि लाल खजुरासारखी बोरं. रस्सा चमच्याला धरायला लागला की झाली. फुप्फुसाचा कोरडेपणा जातो आणि फेइ सुधारली की कातडी सुधारते, ही समजूत.

आपल्याकडे ती मिळणार महाग. इथलंच साखर घालून वाफवलेलं पेअर मात्र कुणालाही जमेल. चिनी पदार्थ चिनी म्हणूनच सांगायचे, बदली पदार्थ सुचवून त्याला चिनी वैद्यक म्हणायचं नाही.

1 डिसेंबर, रविवार

38 पानं झाली. धाकटीने मांडणी पाठवली, आईने वाचली. आईचा एकच प्रश्न : “ते लाखेसारखं काळं म्हणजे काय गं? आपली लाख तर बांगडीची.” बरोबर आहे तिचं. इथली लाख म्हणजे झाडाचा चीक, आणि ते झाड बिब्ब्याच्या कुळातलं. चीक अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो.

म्हणून आज लाखकामाच्या जुन्या गल्लीत गेले. चेंगडूचं लाखकाम प्रसिद्ध आहे. कारागीर सांगत होता, एक थर द्यायचा, दमट खोलीत ठेवायचा, घासायचा, मग पुढचा थर. ओलीतच तो वाळतो, कोरड्या हवेत नाही. त्याने एक काळी डबी माझ्या हातावर ठेवली. वरून बघितलं तर काळी. खिडकीकडे तिरपी केली तर काळ्याच्या आत आणखी काळं दिसलं, विहिरीत दिसतं तसं, आणि त्यात माझा चेहरा, जबड्यावरच्या फिकट होत आलेल्या चट्ट्यासकट.

डबी घेतली. धाकटीला लिहिलं : दुसऱ्या पानावर या डबीचा फोटो. शेजारचं चौकट रिकामं ठेव. एप्रिलमध्ये आपल्या माळावरची माती वाळून करडी पडेल, भेगा जातील, तेव्हा त्या मातीचा फोटो काढून तिथे लाव, मग छापायला दे. डबी दवाखान्यात राहील, पेशंटच्या खुर्चीशेजारी. खुर्चीही खिडकीकडे वळवायला सांगितली आहे.